क्रेस्ट: सीआयएच्या जुन्या कागदांचा फुकट खजिना, पण शोध रडका

अमेरिकी राष्ट्राध्यक्ष गुप्त कारवायांना मंजुरी कशी देत, हे मूळ कागदांत पाहायचं तर क्रेस्ट (सीआयएच्या गोपनीयता उठवलेल्या कागदांचा संग्रह) २०१७ पासून घरबसल्या मिळतो. आधी त्यासाठी मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जावं लागे. टंकलिखित पानं पुसट स्कॅन झालीत, त्यामुळे यंत्र अक्षरं चुकीची वाचतं. म्हणून नुसता विषय टाकू नका. '५४१२', '३०३', '४० कमिटी' अशी मंजुरी समित्यांची नावं वर्षासकट टाका. नेमकी कामाची ओळच बऱ्याचदा खोडलेली असते. गुप्त कारवाईला राष्ट्राध्यक्षांची स्वतःची मंजुरी सक्तीची करणाऱ्या १९७४ च्या ह्यूज-रायन दुरुस्तीपूर्वीच्या कागदांत राष्ट्राध्यक्षांची सही शोधत बसू नका. त्यांना नामानिराळं राहता यावं, अशीच १९४८ च्या एनएससी १०/२ या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या गुप्त कारवायांवरच्या आदेशाची रचना होती. तो आदेश वाचायला अमेरिकी परराष्ट्र खात्याचे 'फॉरिन रिलेशन्स' हे छापील कागदपत्रांचे खंड कितीतरी बरे: तेही फुकट, वर तळटीपा.