‘ठाणे’ वाचलं होतं, गाव निघालं बस्तीकडचं

ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत जुने कागद आणि फोटो स्कॅन करून देणारं हे छोटं दुकान आहे. मी गेले ते सुनेच्या खापरपणजोबांचा, फिजीला जाताना केलेल्या नोंदीचा कागद घेऊन. सून फिजीत जन्मलेली, आता माझ्या मुलासोबत ऑकलंडला असते. तिचे खापरपणजोबा ‘सीरिया’ जहाजाने गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर, म्हणून गेले. 13 मार्च 1884 ला कलकत्त्याहून निघालेलं ते शिडाचं जहाज 11 मेच्या रात्री फिजीजवळ नासिलाईच्या प्रवाळ खडकावर फुटलं. बायकामुलं धरून 497 गिरमिटिये होते. त्यातले 56 आणि 3 खलाशी गेले. हे वाचले.

घरात त्यांचं नाव टिकलं, गाव मात्र कुणालाच आठवेना. पूर्वज शोधून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेने बऱ्यापैकी पैसे घेऊन कळवलं, गाव ठाणे! सून फोनवर रडायलाच लागली. ‘‘आई, मी तुमच्याच गावची निघाले.’’ मी त्याच संध्याकाळी कोपिनेश्वराला नारळ ठेवून आले.

इथल्या दादांनी तो कागद मोठा करून स्क्रीनवर घेतला आणि ओळन् ओळ वाचली. घाई नाही. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘काकू, हे गाव नाहीये. हा छापील रकाना आहे. थाना म्हणजे पोलीस ठाणं. हाताने लिहिलेलं त्याच्या पुढे आहे.’’ पुढे फिकट शाईत होतं, बांसी. त्याच्या वर जिल्हा, बस्ती. म्हणजे उत्तर प्रदेशात, अवधच्या बाजूला. फिजीची जहाजं कलकत्त्याहून सुटत, पुढे 1903 पासून मद्रासहूनही. आपल्या कोकणातली माणसं मुंबईहून मॉरिशसला जात. एवढं जरी त्या सेवेने पाहिलं असतं तरी पोरीला दोनदा रडावं लागलं नसतं. मला याचा अजून राग आहे.

उंचीच्या रकान्यावर एक काळा डाग होता. मदतनीस मुलगा तो पुसून टाकत होता, दादांनी थांबवलं. ‘‘खाली आकडा असेल.’’ उजेड कमी-जास्त करत पंधरा मिनिटांनी आकडा दिसला, 5 फूट 3 इंच. त्याखाली अंगावरची खूण, डाव्या नडगीवर व्रण. या कागदावर फोटो नाही. आमच्याकडे त्यांचं रूप म्हणून आहे ते एवढंच, आणि ते त्या डागासोबत पुसलं गेलं असतं.

दोन प्रती घेतल्या. एक आहे तशी, डागासकट. दुसरी स्वच्छ केलेली, पण जे अक्षर लागलं नाही ते त्यांनी अंदाजाने भरलं नाही, तसंच सोडलं. लॅमिनेशन मी मागितलं होतं, त्याला नाही म्हणाले. काच आणि कागद यांत फट ठेवून फ्रेम केली.

दोन दिवस सांगून सहा दिवस लावले, फोनही उचलत नाहीत, म्हणून एक तारा कमी. शिवाय जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी कुणालातरी सोबत न्यावं. परदेशातून कागद मागवणार असाल तर व्हॉट्सॲपवरचा फोटो नेऊ नका, अक्षर फुटतं. मूळ फाइल पेनड्राइव्हवर न्या, आणि दादा स्वतः असतील तेव्हाच द्या.