रीपरचा मिडी एडिटर: मींड आणि ढोलकीचं काम करणाऱ्यांनी नक्की बघा

घरच्या घरी भावगीत, अभंगांचे ट्रॅक करणाऱ्या सगळ्यांना मी रीपरच सांगते, म्हणजे कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर. विनअँप हा म्युझिक प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं आहे हे. पहिल्यांदा उघडलं की मेन्यूंचा ढीग बघून घाबरायला होतं आणि आत आयते चांगले आवाज जवळजवळ नाहीतच, हार्मोनियम, बासरी, तबला सगळे प्लगइन (वाद्यांचे आवाज देणारी जोड-सॉफ्टवेअर) बाहेरून आणायचे. हा मोठा तोटा आहे, पण मिडीच्या, म्हणजे वाजवलेल्या स्वरांच्या डिजिटल नोंदींच्या, एडिटिंगला मात्र तोड नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायला. भूप रागातली प वरून ग वर येणारी मींड घ्या, म्हणजे तीन सेमिटोन (पियानोच्या लागोपाठच्या पट्ट्यांमधलं अंतर) खाली यायचं, आणि बहुतेक प्लगइनमध्ये पिच बेंडची (स्वर वरखाली वाकवायच्या सोयीची) रेंज आधीपासून दोनच सेमिटोन असते, मग मींड ग पर्यंत पोचतच नाही आणि लोक कंटाळून सोडून देतात. आधी प्लगइनमध्ये रेंज 12 करा. मग एडिटरमध्ये खाली पिचची लेन उघडा, प चा नोट लांब ठेवा आणि बेंड मधल्या रेषेपासून खाली पाव अंतरावर आणा, बरोबर ग लागतो. व्हर्जन 6 पासून दोन पॉइंटमधल्या रेषेचा आकार बदलता येतो, त्यात स्लो स्टार्ट-एंड निवडलं की घसरण गळ्यातून आल्यासारखी वाटते. फक्त पुढच्या नोटच्या आधी बेंड परत मध्यावर आणायचं विसरू नका, नाहीतर पुढचं सगळं बेसूर. आणि बेंड अख्ख्या चॅनलला लागतो, त्यामुळे मींडवाली ओळ वेगळ्या ट्रॅकवर घ्या, कॉर्डसोबत नको.

की स्नॅप पण भारी आहे, म्हणजे नोट निवडलेल्या स्केलच्या स्वरांवरच बसते. हवा तो राग यादीत नसेल तर स्केलची फाइल साधी टेक्स्ट असते, आपली आपण लिहून लोड करायची, गाणारा काळी एकमध्ये असेल तर रूट, म्हणजे सा, सी शार्प ठेवायचा, मग नोट ओढली तरी रागाबाहेर जात नाही.

ढोलकी-तबल्याच्या सॅम्पलला पियानोच्या पट्ट्यांवर ना, तिं, धा अशी नावं देता येतात, सी थ्री म्हणजे कुठला बोल हे लक्षात ठेवायची कटकट संपली. क्वांटाइझ (बोल आपोआप नेमक्या मात्रेवर सरकवणं) मात्र सरसकट शंभर टक्के करू नका प्लीज, लग्गीचा, म्हणजे त्या जलद ठेक्याचा, सगळा डौल जातो, स्ट्रेंग्थ पन्नास-साठवर ठेवून ऐका. व्हेलॉसिटीही (बोल किती जोरात वाजतो ते) हाताने वरखाली करा, सगळे बोल 127 वर असले की कान दुखतात नुसते.

नोटेशन व्ह्यू आहे पण तो पाश्चात्त्य स्टाफचा, सरगम लिहून मिळत नाही, ते वेगळं करावं लागतं.

60 दिवस सगळ्या फीचर्ससकट फुकट वापरता येतं, नंतर वैयक्तिक वापराचं लायसन 60 डॉलर. तेवढ्या दिवसांत एक अख्खं गाणं करून बघा आणि मग ठरवा.