आर्टिस्ट बुक्सचा कॅटलॉग : नवीन नोंदी झकास, जुन्या नोंदींचा वैताग

आधी पटकन सांगते, आर्टिस्ट बुक म्हणजे चित्रकाराच्या चित्रांचं पुस्तक नव्हे. इथे पुस्तक हीच कलाकृती. कागद, घडी, शिलाई, छपाई, ज्या पेटीत ठेवलंय ती पेटी, सगळं धरून. मी बाईंडिंग करते त्यामुळे मला आत काय लिहिलंय त्यापेक्षा ते उघडतं कसं यात जास्त रस. एका आर्ट लायब्ररीचं असं कलेक्शन मी बरेच दिवस वापरतेय, त्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगचा आणि रीडिंग रूमचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी आहेत.

मुळात इथे कपाटापुढे उभं राहून चाळायची सोय नाही. सगळं आत बंद, पेट्यांमध्ये, बहुतेक आकारानुसार लावलेलं, आणि त्यात त्यांची चूकही नाही. १९५९ साली फ्रेंच लेखक गी देबोर आणि डॅनिश चित्रकार आसगर यॉर्न यांनी 'मेमुआर' नावाचं पुस्तक काढलं त्याला चक्क सँडपेपरचं वेष्टन होतं, म्हणजे कपाटात काढघाल केली की शेजारची पुस्तकं घासून खराब. असल्या वस्तू उघड्या शेल्फवर कोण ठेवेल? पण मग वाचकाच्या हातात उरतो फक्त कॅटलॉग. नोंदीत जे लिहिलं नाही ते तुमच्यासाठी त्या इमारतीत नाहीच, इतकं सरळ आहे.

आणि नवीन नोंदी खरंच झकास आहेत. एक उदाहरण देते. एका पेटीतल्या पुस्तकाची नोंद, शीर्षकपान नाही म्हणून शीर्षक पेटीवरून घेतलंय आणि तसं स्पष्ट लिहिलंय. मापं दोन दिलीत, मिटलेलं असताना १४ सेमी रुंद आणि पूर्ण उघडल्यावर २१० सेमी. एकॉर्डियन घडी (पुढे-मागे, कागदी पंख्यासारखी), दोन्ही टोकांना कापडी पुठ्ठे, एका बाजूला लेटरप्रेस (खिळ्यांची छपाई) आणि दुसऱ्या बाजूला स्क्रीनप्रिंट (जाळीतून केलेली छपाई), आठव्या घडीत खिडकी कापलेली आणि तिच्यातून मागचा रंग दिसतो. कोलोफोनमधला, म्हणजे पुस्तक कसं बनलं ते सांगणाऱ्या टिपेतला, मजकूर जसाच्या तसा उतरवलाय, कागद कोणी बनवला, छापलं कोणी, शिवलं कोणी, एकूण प्रती ५०, लायब्ररीची प्रत क्रमांक १७, सही पेन्सिलीत. हे वाचून मला टेबल केवढं लागेल ते आधीच कळलं, आणि रीडिंग रूमवाल्यांनीही लांब टेबल तयार ठेवलं होतं. ज्याने नोंद केली त्याने पुस्तक पूर्ण उलगडून बघितलंय हे ओळीओळीतून कळतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बाईंडर, प्रिंटर, कागद बनवणारे यांची नावं नुसती टिपेत दडपलेली नाहीत, त्यांच्यावर क्लिक करता येतं. एका बाईंडरच्या नावावर क्लिक केलं तर तिने वेगवेगळ्या कलाकारांसाठी बांधलेली सगळी पुस्तकं एकाखाली एक आली, हे मला दुसरीकडे कुठे मिळालं नसतं. कॅटलॉगमध्ये मार्क व्ह्यूचं (लायब्ररीवाल्यांच्या आकडे दिलेल्या रकान्यांत नोंद दाखवणारं) बटण आहे, ते बघायची मला आता सवयच लागलीय. ५६३ म्हणजे बाईंडिंगची माहिती, ५६२ म्हणजे हीच प्रत बाकीच्या प्रतींपेक्षा वेगळी कशी, ६५५ म्हणजे प्रकार, आणि इतर सामान्य लायब्ररीत जिथे ५६३ कधी दिसतही नाही तिथे इथे चार-चार ओळी भरलेल्या असतात. (बाईंडर लोकांनो, जाऊन बघा, आपली कदर करणारं कोणीतरी आहे.)

तारखांच्या बाबतीतही काटेकोर आहेत. अमेरिकन कलाकार एड रुशेचं 'ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स' घ्या, आत वर्ष छापलंय १९६२ आणि पुस्तक बाहेर आलं १९६३ मध्ये, पहिल्या आवृत्तीच्या ४०० प्रती नंबर घातलेल्या, पुढे १९६७ आणि १९६९ ला परत छापलं ते नंबर न घालता. सगळं एका नोंदीत कोंबलं तर तुमच्या हातात नेमकी कुठली आवृत्ती येणार ते कळणारच नाही, इथे प्रत्येक आवृत्तीची नोंद वेगळी आहे. गंमत म्हणजे याच पुस्तकाला लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६३ मध्ये नकार दिला होता, आणि रुशेने त्याचीच जाहिरात १९६४ मध्ये आर्टफोरम या कलामासिकात छापली, 'रिजेक्टेड' असं ठळक अक्षरात. आज त्याच लायब्ररीच्या वर्गीकरणात आर्टिस्ट बुक्सना एन ७४३३.४ असा स्वतःचा नंबर आहे.

पण घोळ त्या नंबरापासूनच सुरू होतो. सगळं एन ७४३३.४ खाली, पुढे कलाकाराचं नाव, संपलं. म्हणजे नदीवरचं पुस्तक, स्थलांतरावरचं पुस्तक, आजीच्या शिवणकामावरचं पुस्तक, सगळी एकाच नंबराखाली, विषयाचा पत्ता नाही. हे चालतं, पण मग विषयाच्या हेडिंग्ज तरी नीट द्यायला हव्यात ना. नवीन नोंदींत दिल्यात. जुन्यांत नाहीत. जुनी नोंद म्हणजे 'एक खंड, पानांना क्रमांक नाहीत, सचित्र' आणि प्रकार 'आर्टिस्ट बुक्स', बास. आता आर्टिस्ट बुक्सच्या कलेक्शनमध्ये 'आर्टिस्ट बुक्स' असं शोधून काय मिळणार, अख्खं कलेक्शन समोर येतं. मला टनेल बुक्स (एकामागे एक कापलेली पानं लावलेली, बोगद्यासारखं आत बघायची पुस्तकं) बघायची होती, फिल्टर लावला तर जेमतेम काही आली, आणि नंतर एका वेगळ्याच पुस्तकाची पेटी मागवली तर आत टनेल बुक! नोंदीत त्याचा उल्लेखच नाही. अशी आणखी किती पडून असतील देव जाणे.

दुसरी कटकट सारांशाची. काही नोंदींत कलाकाराचं किंवा विक्रेत्याचं निवेदन तसंच्या तसं चिकटवलंय, कोणाचं ते न सांगता. 'स्मृती आणि अवकाश यांच्यातल्या सीमारेषांचा शोध' वगैरे. अहो पण पानं शिवलेली आहेत की सुटी? डावीकडून उघडायचं की वरून? कलाकाराचं म्हणणं हवंच, मी नको म्हणत नाही, पण अवतरणात टाका, खाली नाव लिहा आणि आधी वस्तूचं वर्णन करा.

अर्थात काम सोपं नाही हे कबूल. डीटर रोट या कलाकाराने १९६१ पासून पुस्तकांचा आणि मासिकांचा लगदा करून त्यात मसाले घालून तो सॉसेजच्या आवरणात भरला, 'लिटराटूरवुर्स्ट' (साहित्याचं सॉसेज) म्हणून, त्याची पृष्ठसंख्या काय लिहिणार सांगा? अशा ठिकाणी फोटो लागतो. आणि फोटो हीच इथली सगळ्यात मोठी उणीव, बऱ्याच नोंदींना एकही नाही. हक्कांचे प्रश्न असतात ते समजतं, पण निदान मिटलेलं आणि उघडलेलं असे दोन छोटे फोटो लावले तर उगाच मागवून परत पाठवायच्या पेट्या निम्म्या होतील, आणि पुस्तकांची हाताळणीही तेवढीच कमी.

रीडिंग रूमबद्दल फार बोलायला नको, चांगली आहे. फक्त पेन्सिल, फोमचे आधार, हात धुऊन कोरडे करून यायचं. पांढरे हातमोजे देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, मोजे घालून पातळ कागद उलटताना बोटांना अंदाज येत नाही आणि फाटतो, मोजे फक्त फोटो किंवा धातूचे भाग असले तरच. स्टाफ पुस्तकाची घडी परत कशी घालायची ते दाखवतो, काही पेट्यांत तर घडीचा क्रम लिहिलेला कागदच ठेवलाय.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो जुन्या नोंदींसाठी, नवीन खरेदीइतकंच लक्ष मागच्या ढिगाकडे दिलं तर तोही देऊन टाकेन. कॅटलॉगमध्ये प्रत्येक नोंदीखाली 'चूक कळवा' असं बटण आहे, ते शोभेचं नाही, कोणीतरी खरंच वाचतं. एका नोंदीत कॉप्टिक शिलाईला (कण्यावर साखळीसारखी दिसणारी शिलाई) नुसतं 'शिवलेलं' म्हटलं होतं, मी कळवलं, पुढच्या वेळी बघितलं तर दुरुस्त झालेलं आणि ते टनेल बुकही आता फिल्टरमध्ये येतं. तुम्ही कळवणार असाल तर सोबत कॉल नंबर (लायब्ररीने पुस्तकाला दिलेला क्रमांक) जरूर टाका, नुसत्या नावावरून त्यांना सापडणार नाही, 'शीर्षक नाही' या शीर्षकाची पुस्तकं त्यांच्याकडे ढिगाने आहेत.