चेनसेट नवा, चेन मात्र जुनीच

भांडुपहून अंधेरीला मी रोज मोटारसायकलने जातो. गेल्या जुलैत चेनसेट, म्हणजे चेन आणि ती ज्यांवरून फिरते ती पुढची-मागची दोन दातेरी चाके (स्प्रॉकेटे), बदलण्याच्या नावाखाली आमच्या भागातील एका गॅरेजने माझ्याकडून 1,950 रुपये घेतले आणि गाडीवर जुनीच चेन ठेवली. त्यासाठी वापरलेली युक्ती वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

गाडी 21,000 किलोमीटर चालली होती. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मेकॅनिकने बोटांनी मागे ओढली, तेव्हा ती दातांपासून सुटून अर्धा दात उघडा पडला. निदान अगदी खरे होते आणि त्यामुळेच पुढच्या सगळ्यावर माझा विश्वास बसला. चेन ‘लांबली’ असे आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीतील पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजून किंचित जागा होते आणि शंभराहून अधिक कड्यांची ती झीज मिळून लांबी वाढते. पावसाळ्यात तेल धुऊन जाते, रस्त्याची बारीक वाळू आत शिरते, आणि दर 500 किलोमीटरला घालायचे गिअर ऑईल मी दोन महिने घातलेच नव्हते.

त्याने नवा बॉक्स माझ्यासमोर उघडला, चेन दाखवली आणि काम सुरू केले. पाऊस कोसळत होता, म्हणून मी समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. माझी चूक तिथेच झाली. पाऊण तासाने परतलो तेव्हा मागचे स्प्रॉकेट नवे कोरे होते, चेन ग्रीसने माखलेली होती आणि मागचे चाक पुढे-मागे सरकवून चेनचा ताण ठरवणारा ॲडजस्टर पुन्हा सुरुवातीच्या खुणांपाशी आलेला होता. आकड्यासारखे वाकलेले दात असलेले जुने स्प्रॉकेट त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिले. जुनी चेन भंगारात टाकल्याचे सांगितले. रिकामा बॉक्स मी घरी आणला, केवळ खिळे ठेवायला बरा पडेल म्हणून.

बारा दिवसांनी पवईच्या चढावर पिकअप घेताना चेन कर्रकर्र वाजू लागली आणि झटके बसू लागले. रविवारी गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून मी रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसले. पट्ट्यांच्या मधोमध गंज होता, कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि साऱ्या चेनमध्ये तिची दोन टोके जोडणारी क्लिप लॉकची एकच कडी चकाकत होती. माझ्या गाडीची चेन 428 मापाची आहे. तिच्या एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत 12.7 मिलिमीटर अंतर असते. म्हणजे नव्या चेनच्या वीस कड्या 254 मिलिमीटर भरायला हव्यात आणि साधारण 259 च्या पुढे चेन बाद समजावी. खालची चेन ताणून धरून मोजले, तर माप 260 आले.

मग क्लिप लॉकपाशी खडूची खूण करून मी चाक हाताने फिरवत कड्या मोजल्या. त्या 116 भरल्या. बॉक्सवर 118 छापले होते.

या दोन कड्यांतच सगळी लबाडी होती. 118 कड्यांची चेन दोन टक्के झिजली की सुमारे 30 मिलिमीटरने वाढते आणि दोन कड्या काढल्या की सुमारे 26 मिलिमीटरने कमी होते. त्यामुळे मागचे चाक पुढे सरकून ॲडजस्टर नव्या चेनसारखा दिसतो आणि खालच्या बाजूची ढिलाईही पुस्तिकेत सांगितल्याइतकी येते. झीज मात्र तशीच राहते, कड्यांमधले अंतर दातांशी जुळत नाही आणि नवे स्प्रॉकेटही लवकर खराब होते. कव्हर उघडल्यावर पुढचे स्प्रॉकेटही जुनेच निघाले. ते झाकलेले असते, म्हणून त्याने बदलण्याची तसदी घेतली नव्हती.

बॉक्स घेऊन गेलो तेव्हा तो आधी म्हणाला, “साहेब, बॉक्स बदलला असेल.” त्याच्यादेखतच पुन्हा कड्या मोजायला बसलो, तेव्हा त्याने 1,000 रुपये परत केले. उरलेल्या रकमेसाठी मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे जाणार होतो, पण माझ्याजवळ पुरावा म्हणून गॅरेजचे नावही नसलेली एक चिठ्ठी होती. पक्के बिल मी मागितलेच नव्हते.

दुसरा चेनसेट मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून बिलासह आणला आणि दुसऱ्या मेकॅनिककडे स्टूल टाकून शेवटपर्यंत बसलो. जुनी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटे घरी आणली. क्लिप लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे आहे, हेही पाहून घेतले. त्या बॉक्समध्ये खिळे काही ठेवले नाहीत. त्याच्या आतल्या बाजूस आता तारीख, किलोमीटर आणि वीस कड्यांचे माप लिहितो. पहिली नोंद 254 आहे. 3,000 किलोमीटरनंतरची 255.