जुन्या मॉनिटरला नवी ट्यूब की एलईडी पट्टी?

कोथरूडच्या भाच्याचा मॉनिटर सुरू होतो आणि दोन सेकंदांत काळा पडतो. टॉर्च मारली की चित्र पुसट दिसतं, म्हणजे पॅनल शाबूत; पेटत नाही ती मागची सीसीएफएल ट्यूब, म्हणजे पडद्याला उजेड देणारी बारीक ट्यूबलाइट. "मामा, तशीच सीसीएफएल ट्यूब टाकू की एलईडी पट्टी?" अरे, आधी पॉवर बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर बघ, लक्षण तेच असतं.

मेहनत: पॅनल उघडणं दोन्हीकडे तितकंच नाजूक. ट्यूब दोन-तीन मिलिमीटर जाडीची, जरा वाकली की तुटते आणि आत पारा असतो. लांबीही नेमकी लागते. पट्टी खुणांवर कापता येते, पण इन्व्हर्टरऐवजी (ट्यूबला जास्त व्होल्ट देणारा बोर्ड) ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारा बोर्ड) बसवून चालू-बंद आणि ब्राइटनेसच्या तारा शोधाव्या लागतात. खरा वेळ तिथेच जातो.

धोका: ट्यूब पेटताना हजाराहून जास्त व्होल्ट. एलईडीला इतका दाब लागत नाही.

रंग: इथे ट्यूब सरस. स्वस्त पट्ट्या निळसर दिसतात.

फोटोचं काम असेल आणि इन्व्हर्टर धड असेल तर ट्यूबच घे. इन्व्हर्टरच गेला असेल किंवा मॉनिटर नुसत्या टायपिंगला हवा असेल तर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, पट्टीची चौकशी कर.