सेट अठराचा, सहावा गायब: 'जेडी अप्रेंटिस' घरात आल्यानंतरचे काही महिने

'स्टार वॉर्स'च्या 'जेडी अप्रेंटिस' या मुलांच्या पुस्तकमालिकेच्या जुन्या सेटवरून विक्रेत्याशी चाललेलं भांडण काल एकदाचं मिटलं. त्यांच्या बाजूने 'तिकीट क्लोज्ड', माझ्या बाजूने एक तारा. वेबसाइटचं नाव लिहीत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. आता डोकं शांत आहे, तेव्हा पुस्तकांबद्दल लिहिते.

ओबी-वान कोण, क्वाय-गॉन कोण, पादवान म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच हे आहे. बाकीच्यांनी आधी १९९९ चा 'स्टार वॉर्स' चित्रपट पाहून यावं. ही पुस्तकमालिका त्याच वर्षी सुरू झाली आणि २००२ पर्यंत चालली. मुख्य पुस्तकं अठरा, शिवाय दोन विशेष भाग, ते माझ्याकडे नाहीत. गोष्ट चित्रपटाच्या कितीतरी आधीची. ओबी-वान तेरा पूर्ण करायला आलाय, कुणी गुरू त्याला पत्करत नाहीये, आणि तेरा उलटले की जेडी, म्हणजे आकाशगंगेत शांतता राखणारा योद्धा, होण्याचा रस्ता बंद.

मुळात ही मालिका घेतली ती काटकसर म्हणून. लेक दहा वर्षांची, वाचनाचा वेग भयंकर. आधी जेफ्री ब्राउनच्या 'जेडी अकॅडमी'ची पहिली तीन पुस्तकं (२०१३ ते २०१५) नवी कोरी घेतली होती. रोन नोवाचेझ नावाच्या मुलाची डायरी, चित्रंच चित्रं, शाळेचं वर्तमानपत्र, शिकवायला जेडी गुरू योडा. पुस्तक गमतीदार आहे, मीही हसले. पण पहिला भाग तिने संध्याकाळी हातात घेतला आणि ताटं मांडेपर्यंत संपवला! एवढ्या किमतीत एक संध्याकाळ? आमच्याकडे असा हिशोब बसत नाही. म्हटलं, भरपूर मजकूर असलेलं, जुनं, स्वस्त आणि गठ्ठ्याने मिळणारं काहीतरी बघू. तर हा सेट सापडला. 'कम्प्लीट, व्हेरी गुड कंडिशन.'

पार्सल बडोद्यात आलं ऐन मे महिन्यात. पुस्तकं परदेशातल्या कुठल्याशा शाळेच्या लायब्ररीतून काढून टाकलेली. आतल्या पानावर रद्द केल्याचा शिक्का, मागे कार्डाचा खिसा, पानं पिवळी. 'व्हेरी गुड' कुणाच्या मापाने, देव जाणे. पण वास चांगला होता आणि मोजली तेव्हा अठरा भरली. मी निवांत झाले.

पहिल्या आठवड्यात मत वाईटच होतं. चित्रं नाहीत, अक्षर बारीक. पहिलं पुस्तक डेव्ह वुल्व्हर्टनचं, पुढची सतरा ज्यूड वॉटसनची, आणि पहिल्याचा सूर थोडा निराळा लागतो. शिवाय मला एक गोष्ट खटकली ती अजून खटकते: ज्या मुलांना गुरू मिळत नाही त्यांना पाठवतात कुठे, तर अ‍ॅग्रिकोर्प्समध्ये. म्हणजे शेतीवर. आकाशगंगेभर माणसं जगवायचं काम, आणि ते नापासांच्या माथी! माझं माहेर बडोद्याजवळच्या पादरा गावाकडचं, वडील अजून शेतीच बघतात. त्यांना हा भाग वाचून दाखवला नाही.

लेकीनेही पहिलं पुस्तक रखडत रखडत संपवलं. दुसऱ्यात झनाटोस आला, क्वाय-गॉनचा आधीचा, बिघडलेला शिष्य, आणि मग मात्र ती जेवायला हाक मारली तरी उठेना. क्वाय-गॉन ओबी-वानला का पत्करत नाही त्याचं कारण हाच. एक शिष्य हातचा गेलाय, दुसऱ्याला जवळ घ्यायची भीती वाटते. मुलांच्या पुस्तकात गुरूला भीती वाटते हे मला आवडलं. आपल्याकडच्या गोष्टींत भीती नेहमी शिष्यालाच.

आता पाचवं पुस्तक. पुढे काय होतं ते आधी कळायला नको असेल तर दोन परिच्छेद सोडा. मेलिडा/डान या ग्रहावर दोन जमाती पिढ्यान्‌पिढ्या लढतायत. मेलेल्या योद्ध्यांच्या होलोग्रामांची दालनं आहेत, तिथे ते मृत लोक स्वतःच्या तोंडाने सूडाच्या कथा सांगत राहतात. दोन्हीकडची मुलं या म्हाताऱ्यांना कंटाळून एकत्र येतात आणि बंड करतात. ओबी-वानला ते पटतं. ताहल या जखमी जेडीला घेऊन क्वाय-गॉनला परत निघायचंय, ओबी-वान म्हणतो मी येत नाही. गुरू-शिष्य एकमेकांवर लाइटसेबर (जेडींची प्रकाशाची तलवार) उपसतात, आणि मुलगा जेडी पंथ सोडतो. पुस्तक इथे संपतं. रात्री साडेदहाला लेक खोलीतून ओरडली, "आई, सहावं कुठंय?"

सहावं नव्हतं. नववं दोन होती.

अठरा नग बरोबर भरले होते ते असे. लेक क्रमाने वाचते, सहाव्यापर्यंत पोचेतो परत करायची मुदत संपून गेली होती. चॅटवरच्या मुलाचं एकच पालुपद: "मॅडम, काउंट तो पूरा है." मी दोन नवव्यांचा शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवला. उत्तर आलं, "इमेज के हिसाब से एटीन पीस रिसीव्ड." म्हणजे माझाच फोटो माझ्याविरुद्ध पुरावा. मग वरिष्ठांशी बोलणं, मग 'चोवीस तासात संपर्क करू', मग पुन्हा पहिल्यापासून ऑर्डर नंबर. शेवटी पुढच्या खरेदीसाठी कूपन देऊ केलं, तेही ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीवर. तेच सहावं पुस्तक सुटं त्यांच्याच साइटवर आहे, अख्ख्या सेटच्या जवळपास निम्म्या किमतीला. मी ते घेणार नाही. नवरा म्हणतो, पोरीसाठी घेऊन टाक. तत्त्वाचा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल अठरातलं एक गेलं तर एवढा काय आरडाओरडा. तिसरं गेलं असतं, दहावं गेलं असतं तर मीही गप्प बसले असते. बहुतेक भाग बऱ्यापैकी सुटे वाचता येतात. सहाव्याचं तसं नाही. लेकीने दोन दिवस वाट पाहून सातवं उघडलं. ओबी-वान जेडींच्या मंदिरात परत आलेला, सगळे त्याच्याकडे संशयाने बघतायत, जेडींची परिषद निर्णय देत नाही. आणि सेरासी, जिच्या बाजूने उभं राहायला त्याने सगळं सोडलं ती बंडखोर मुलगी, मेलेली. आधीच. मागच्या पुस्तकात. "कधी मेली? कशी? तो रडला का?" मला काय माहीत! इंटरनेटवर सारांश शोधला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला एक मृत्यू सांगितला, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. पुढचं अर्धं सातवं पुस्तक ती त्या मुलावर चिडूनच होती, कारण तो ज्याच्यासाठी रडत होता ते तिने पाहिलंच नव्हतं. माझा एक तारा त्याबद्दल आहे.

पुस्तकांना मात्र मी आता साडेचार देईन. मेमध्ये तीन दिले असते. बदल झाला तो मी स्वतः वाचायला लागले म्हणून, दुपारी, लेक शाळेत असताना. वाक्यं छोटी आहेत पण पोरकट नाहीत. विश्वास एकदा तुटला की 'सॉरी'ने जुळत नाही, हे सातव्या-आठव्यात भाषण न देता येतं. ज्यूड वॉटसन हे टोपणनाव. बाईंचं खरं नाव ज्युडी ब्लंडेल, आणि २००८ मध्ये त्यांना दुसऱ्या एका किशोर कादंबरीसाठी अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळालाय. ते कळल्यावर नवल वाटलं नाही. चौदा ते सोळा मात्र जड आहेत. ताहलचं काय होतं आणि त्यानंतर क्वाय-गॉन सूडाच्या किती जवळ जातो, ते दहा वर्षांच्या मुलीला एकटीला वाचायला देऊ नका. आम्ही ते तिन्ही भाग रात्री उशिरापर्यंत एकत्र वाचले. अकरावा-बारावा ठीकठाक.

मध्येच वर्गातल्या एका मुलाने लेकीला ऐकवलं की ही पुस्तकं 'खरी' नाहीत. त्याचं म्हणणं अगदीच हवेत नाही. डिस्नीने लुकासफिल्म घेतल्यावर २०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्या 'लेजंड्स' या शिक्क्याखाली बाजूला काढल्या आणि नवे चित्रपट त्यांना बांधील नाहीत असं जाहीर झालं. पोर रडकुंडीला आली. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्या गावात, प्राच्यविद्या मंदिरात झाली. वाल्मीकीत लक्ष्मणरेषा नाही. म्हणून तुझ्या आजीने ती सांगायची सोडली का?" आणि पेपर परत वर. त्यांनी स्टार वॉर्सचं एक पानही वाचलेलं नाही.

बांधणीबद्दल थोडक्यात: वीसेक वर्षांचा गोंद वाळून कडक होतो, पुस्तक सपाट उघडलं की कणा तडकतो. चार पुस्तकांची पानं सुटली. रावपुऱ्यातल्या बाइंडरकडे नेली. कडेने टाके घातले तर मजकूर शिवणीत जाईल म्हणाला, म्हणून जाळीचं कापड लावून नवा गोंद दिला. पैसे फार नाही घेतले. पावसाळ्यात कपाटात कापूर ठेवा, कसर लागते.

नवीन छापील पुस्तकं घ्यावीत की जुना सेट? ज्यांच्या मुलांना चित्रं लागतात त्यांनी 'जेडी अकॅडमी' घ्या आणि ते एका संध्याकाळीत संपेल याची तयारी ठेवा. बाकीच्यांनी जुना सेट, पण विक्रेत्याकडून प्रत्येक कण्याचा फोटो मागवून, नुसत्या संख्येवर न जाता.

नववा भाग, 'द फाइट फॉर ट्रुथ', माझ्याकडे जादा आहे. मुखपृष्ठाचा एक कोपरा दुमडलेला, पानं सगळी जागेवर, मी स्वतः तपासलीत. कुणाकडे सहावा जादा असेल तर अदलाबदल करू. बडोद्यात असाल तर मांडवीपर्यंत मी येईन, बाहेरगावचे असाल तर पोस्टाचा खर्च ज्याचा त्याने. नुसता नववा विकत मागू नका, देणार नाही.