नागपूरच्या सदरमधलं जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान : उलटं गाणं ऐकायचं असेल तर इथेच जा

सदरमध्ये आतल्या गल्लीत पहिल्या माळ्यावर हे दुकान आहे, पाटी पार पुसली गेली आहे, खाली पंक्चरवाला बसतो त्याला विचारा. मी तीनदा जाऊन आलो, आता लिहितोच, कारण रॉकच्या गाण्यांत लपलेले अर्थ शोधणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी नागपुरात दुसरी अशी जागा मला तरी माहीत नाही.

दुकानवाल्या काकांकडे दोन टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायची यंत्रं) आहेत. एक चांगलं, गिऱ्हाइकाला रेकॉर्ड ऐकवायला. दुसरं जुनाट, बेल्ट काढलेलं, त्यावर ते तबकडी बोटानं उलटी फिरवतात. त्याच्यासाठी घासलेल्या रेकॉर्ड्स आणि जुनी सुई वेगळी ठेवली आहे, घरी चांगल्या रेकॉर्डवर हे करू नका, सुई आणि खाचा दोन्ही जातात.

मी म्हटलं काका ते लेड झेपेलिन बँडचं स्टेअरवे टू हेवन उलटं लावा ना, त्यात सैतानाचं नाव येते म्हणतात. 1971 चं गाणं, 1982 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेच्या समितीसमोर उलटं वाजवलं होतं, एवढं ते प्रकरण गाजलं. काका म्हणाले, "आधी ऐक बाबू, मी काही सांगत नाही." आवाज नको म्हणून कूलर बंद केला, मे महिना, घाम गळून राहिला, आणि ऐकू काय आलं तर नुसतं ओढल्यासारखं घुं घुं, एक शब्द लागला नाही. मग त्यांनी चिठ्ठी दिली, तिच्यावर ते सैतानवालं इंग्रजी वाक्य, आणि पुन्हा फिरवलं. अगदी स्पष्ट! अंगावर काटा आला. मग दुसरी चिठ्ठी, मराठीत, "इथे माझी सखी सांगते", काकांनी स्वतः जुळवलेली. तोच तुकडा, तोच वेग, आणि मला सखीच ऐकू आली. मी दोन मिनिटं काही बोललोच नाही.

पुढे त्यांनी पिंक फ्लॉइड बँडच्या द वॉल या रेकॉर्डमधलं एम्प्टी स्पेसेस हे गाणं लावलं, 1979 चं. यात पिंक फ्लॉइडनं खरोखर उलटा मेसेज टाकला आहे, शोधून काढणाऱ्याचं अभिनंदन करणारा. चिठ्ठी नाही काही नाही, तरी "काँग्रॅच्युलेशन्स" पहिल्याच फेरीत कानावर आलं. मुद्दाम टाकलेलं असलं की चिठ्ठी लागत नाही, हे मला इतकी वर्षं कोणी असं दाखवलंच नव्हतं.

कॉलेजात असताना, बीटल्स बँडमधला पॉल मॅकार्टनी केव्हाच मेला आहे या अफवेवर माझा पक्का विश्वास होता. बीटल्सच्या ॲबे रोड या रेकॉर्डच्या कव्हरवर तो मेलेल्या माणसासारखा अनवाणी, मागच्या फोक्सवॅगन गाडीचा नंबर 28आयएफ, आयएफ म्हणजे इंग्रजी इफ, जगला असता तर 28 चा. काकांनी तेच कव्हर हातात दिलं आणि म्हणाले, जन्म 1942 चा, रेकॉर्ड 1969 ची, कर हिशोब. 27! आणि त्यातले कितीतरी पुरावे मिशिगनच्या फ्रेड लाबूर नावाच्या विद्यार्थ्यानं त्या रेकॉर्डचं परीक्षण लिहिताना स्वतःच रचले होते. वाईट वाटलं थोडं, पण त्या नादात मी ती रेकॉर्ड शंभरदा तरी कान देऊन ऐकली होती, ते काही वाया गेलं नाही.

याची दुसरी बाजूही काका सांगतात, तेव्हा आवाज खाली येतो त्यांचा. गाण्यातल्या लपलेल्या शब्दांमुळे दोन पोरांनी स्वतःवर गोळी झाडली असं म्हणून ज्युडास प्रीस्ट या बँडवर अमेरिकेत खटला झाला होता, 1990 मध्ये कोर्टानं सांगितलं की गाण्यात ऐकू येणारे ते शब्द म्हणजे आवाज योगायोगानं जुळलेले होते, कोणी मुद्दाम घातलेले नव्हते. आईबापांचं काय झालं असेल हा विचार मी घरी येईपर्यंत करत होतो.

तक्रारी आहेत. रेकॉर्डवर किंमत लिहिलेली नसते, जिना अंधारा आहे, दुपारी 2 ते 5 बंद. मी इथून घेतलेल्या एका रेकॉर्डचं कव्हर कोपऱ्यात फाटलेलं निघालं, सांगितल्यावर काकांनी काही न बोलता पैसे कमी केले.

माझ्याकडून 5 पैकी साडेचार. पुढच्या रविवारी लहान भावाला नेणार आहे, तो अजून सैतानावर अडून आहे. तुम्हीही कोणाला नेत असाल तर चिठ्ठीतलं ते वाक्य त्याला आधी सांगू नका.